ई १४.५ ला कॅप दिसलीच पाहिजे का? उंदरांतील दंतविकासाच्या वेळापत्रकाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका दंत महाविद्यालयात पदव्युत्तर प्रबंधासाठी तुम्ही गाभण मादी उंदरांना एक औषध देऊन गर्भांच्या दातांवर होणारा परिणाम तपासत आहात. औषध न दिलेल्या गटातील एकाच मादीचे चार गर्भ तुम्ही ई १४.५ ला, म्हणजे गर्भावस्थेच्या साडेचौदाव्या दिवशी, काढले. त्यांपैकी दोघांत खालची पहिली दाढ कॅप (टोपीसारख्या) अवस्थेत दिसली आणि दोघांत त्याआधीच्या बड (कळीसारख्या) अवस्थेत, पुस्तकात मात्र ई १४.५ म्हणजे कॅप असे ठामपणे लिहिलेले आहे. दिवस मोजण्यात चूक झाली का, आणि जन्मानंतर मुळांचा विकास पाहण्यासाठी कोणते दिवस निवडावेत, अशी तुमची विचारणा आहे.

मुळांकडे शेवटी येते. पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याच निरीक्षणात आहे. मोजणी चुकली असती, तर चारही गर्भ एकदम मागे किंवा एकदम पुढे दिसले असते, कारण मादी एक, प्लग (समागमानंतर मादीच्या योनीत दिसणारी घट्ट गोळी) एक आणि गर्भ काढण्याची वेळही एकच. दोन पुढे आणि दोन मागे असे चित्र दिसते, तेव्हा कारण गर्भागर्भांतील खऱ्या फरकात तरी असते किंवा सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा पातळ काप) कुठून व कोणत्या कोनात घेतले यात तरी असते. माझ्या अनुभवात दुसरे कारण अधिक वेळा निघते. त्यामुळे कॅप कोणत्या दिवशी येते हे विचारण्यापूर्वी, या गर्भाची ही दाढ कॅपमध्ये किंवा बडमध्ये आहे हे आपण कशावरून ठरवले, हे स्वतःला विचारावे लागते.

आधी सर्वसाधारण वेळापत्रक मांडते, म्हणजे पुढच्या विवेचनाला आधार राहील. उंदराच्या प्रत्येक अर्ध्या जबड्यात एक कृंतक आणि तीन दाढा, असे एकूण १६ दात असतात. सुळे आणि उपदाढा नसतात, त्यांच्या जागी मोकळी फट असते, आणि दुधाचे दात पडून नवे दात येणे हा प्रकारही नसतो. गर्भावस्था साधारण १९ ते २० दिवसांची. पहिल्या दाढेपुरते बोलायचे तर ई ११.५ च्या सुमारास तोंडाचे एपिथेलियम (वरचे अस्तर) त्या जागी जाड होते, ई १२.५ ते १३.५ या काळात ते खालच्या मेझेनकाइममध्ये (अस्तराखालच्या सैल गर्भऊतीत) शिरून बड तयार होते, ई १४.५ च्या आसपास कॅप, ई १६.५ पासून बेल (घंटेसारखी अवस्था), आणि जन्माच्या आगेमागे दाढेच्या शिखरांवर डेंटिनचा पहिला पातळ थर दिसू लागतो. दुसरी दाढ पहिलीच्या मागे वाढत जाणाऱ्या एपिथेलियमच्या शेपटातून निघते आणि काही दिवस मागे असते, तर तिसरीची सुरुवात जन्मानंतरच होते. म्हणजे 'या दिवशी उंदराचा दात अमुक अवस्थेत असतो' हे विधान दाताचे नाव घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही. प्रबंधांच्या मसुद्यांत ही उणीव मला वारंवार दिसते. रॅटचे (मोठ्या जातीच्या प्रयोगशाळेतील उंदराचे) आकडे वापरण्याचा मोहही टाळावा. त्याची गर्भावस्था २१ ते २२ दिवसांची असते आणि त्याच अवस्था उशिरा येतात.

आता ई १४.५ या आकड्यात काय काय गृहीत धरलेले आहे ते पाहू. प्लग दिसला त्या दिवसाची दुपार म्हणजे ई ०.५, ही आज बहुतेक प्रयोगशाळांची रीत आहे आणि तिच्यामागे समागम रात्रीच्या अंधाराच्या मध्याला झाला असा अंदाज असतो. प्राणीगृहात १२ तास उजेड आणि १२ तास अंधार हे चक्र काटेकोर पाळले जात असेल, तरच तो अंदाज खरा मानता येतो. रात्री कोणी दिवा लावत असेल किंवा वीज गेल्यावर टायमर पुढे-मागे होत असेल, तर तो कोलमडतो. प्लग काही तासांत गळून पडतो, म्हणून तपासणी सकाळी लवकर करावी लागते. दुपारी जाऊन पाहणाऱ्याला तो दिसत नाही, मादी नराजवळच राहते, आणि नोंदवहीतला दिवस व गर्भाचे खरे वय यांचा मेळ राहत नाही. शिवाय काही जुन्या निबंधांत प्लगचा दिवस शून्य धरलेला असतो आणि काहींत एक, म्हणून दुसऱ्याचा 'चौदावा दिवस' आपल्या ई १४.५ शेजारी ठेवण्यापूर्वी त्याने मोजणी कुठून सुरू केली ते वाचावे. गर्भ काढण्याची घटकाही महत्त्वाची आहे. सकाळी नऊला काढलेला गर्भ आणि संध्याकाळी सहाला काढलेला गर्भ हे दोन्ही नोंदवहीत ई १४.५ म्हणूनच लिहिले जातात, पण बडची कॅप होण्याला एकूण जेमतेम एक दिवस लागत असताना त्यातले नऊ तास किरकोळ म्हणता येत नाहीत.

पुण्यात काम करणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना याच ओघात देते. प्लग मिळताच पुढचे पंधरा-वीस दिवस दिनदर्शिकेत मोजून पाहावेत. गर्भ काढण्याचा दिवस अनंत चतुर्दशीला आला, तर मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, तंत्रज्ञ रजेवर असतात आणि ठरलेली वेळ हमखास टळते. अशी तारीख दिसत असेल तर जोड्या दोन दिवस उशिरा लावणे सोपे असते.

एवढी काळजी घेतल्यावरही काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतात आणि त्या मान्य केलेल्या बऱ्या. वंशानुसार फरक पडतो. सी५७ ब्लॅक ६ सारखा अंतःप्रजनित वंश आणि मोठी वीण देणारा स्विस किंवा सीडी-१ यांचे गर्भ त्याच तासाला एकाच टप्प्यावर असतील असे गृहीत धरू नये. एकाच मादीच्या गर्भांतही अर्ध्या दिवसाइतका फरक दिसणे नेहमीचे आहे, कारण सगळी अंडी एकाच क्षणी फलित होत नाहीत, रुजण्याची वेळ थोडी वेगळी असते आणि गर्भाशयातली जागाही सर्वांना सारखी लाभत नाही. म्हणून तुमच्या चार गर्भांपैकी दोन खरोखरच मागे असणे शक्य आहे. मात्र तसे म्हणण्यापूर्वी सेक्शनची बाजू तपासून पाहा.

खालच्या जबड्याचे फ्रंटल (चेहऱ्याला समांतर) सेक्शन पुढून मागे क्रमाने पाहत गेलात, तर आधी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना कृंतकांचे अंकुर दिसतात, नंतर फटीचा भाग येतो जिथे एपिथेलियमचा लहानसा फुगवटाच काय तो असतो, आणि मग जिभेच्या दोन्ही अंगांना दाढा येतात. कॅप अवस्थेतली दाढ ही पुढे-मागे लांबट रचना आहे. तिचा घुमट फक्त मधल्या सेक्शनांत नीट दिसतो, तर पुढच्या आणि मागच्या टोकाला तोच दात अरुंद होत जातो आणि एकटे सेक्शन हातात आले तर कोणीही त्याला बड म्हणेल. प्रत्येक ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्यातून) दोन-तीन स्लाइड निवडून बाकीची रिबन (सलग कापांची पट्टी) टाकून देण्याची सवय अनेक विभागांत आहे, आणि दंतविकासाच्या कामात तीच सर्वांत महाग पडते. दाढेचा सगळा अंकुर संपेपर्यंत सलग सेक्शन घ्यावेत, त्यांना क्रमांक द्यावेत आणि अवस्था ठरवताना अंकुर सर्वांत मोठा दिसतो तेच सेक्शन वापरावे.

ब्लॉक तिरका बसला होता का, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. एकाच सेक्शनवर डाव्या बाजूला कॅप आणि उजव्या बाजूला बड दिसत असेल, तर दोन्ही बाजूंच्या मेकेल कूर्चेचे (गर्भाच्या खालच्या जबड्यातील दांड्यासारख्या कूर्चेचे) छेद शेजारी ठेवून पाहा. एक गोल आणि दुसरा लांबट असेल, किंवा दोन्ही वेगवेगळ्या उंचीवर असतील, तर डोके मेणात वाकडे बसलेले होते आणि दोन बाजू दोन वेगळ्या पातळ्यांवर कापल्या गेल्या आहेत. अशा वेळी दोन्ही बाजूंची मधली सेक्शने स्वतंत्रपणे शोधावी लागतात, आणि बहुतेकदा शेवटी दोन्हीकडे अवस्था एकच निघते.

कॅपची ओळख केवळ बाह्याकारावरून न करता एनॅमल नॉटवरून करावी, असा माझा आग्रह असतो. कॅपच्या मध्यावर, आतल्या एपिथेलियमला लागून, दाटीवाटीने बसलेल्या पेशींचा एक गोळा दिसतो. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली पाहिले तर आजूबाजूच्या पेशींत विभाजनाच्या आकृत्या सापडतात, पण या गोळ्यात सापडत नाहीत, आणि थोड्या पुढच्या अवस्थेत तिथेच ॲपॉप्टॉसिसचे (पेशींच्या नियोजित मृत्यूचे) बारीक गडद ठिपके दिसू लागतात. हा गोळा स्वतः न वाढता शेजाऱ्यांना वाढीचे संकेत देतो, म्हणून कडा खाली उतरतात आणि कॅपला खोली येते. हेलसिंकी येथे युक्का येर्नवाल, इर्मा थेस्लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या रचनेला संकेतकेंद्र म्हणून ओळख मिळवून दिली. पुढे बेल अवस्थेत दाढेच्या प्रत्येक भावी शिखराच्या जागी दुय्यम नॉट येतात आणि शिखरांची जागा तिथे ठरते. तुमच्या 'बड' वाटणाऱ्या दोन गर्भांत सर्वांत मोठ्या सेक्शनवर बडचे टोक सपाट झालेले असेल आणि नॉटची दाटी सुरू झालेली दिसत असेल, तर त्यांना 'आरंभीची कॅप' म्हणावे, आणि मग चारही गर्भ परस्परांच्या बरेच जवळ येतील.

याच टप्प्यावरची दुसरी अडचण कमी जणांना ठाऊक असते. खालच्या जबड्यात ई १२.५ आणि ई १३.५ ला गालाच्या बाजूला जे अंकुर आपण निःशंकपणे पहिल्या दाढेची बड म्हणून मोजतो, त्यांतला पुढचा भाग खरे तर दाढेचा नसतो. उंदराच्या पूर्वजांना तिथे उपदाढा होत्या आणि त्यांचे अवशेष गर्भात अजूनही थोडा काळ उगवतात. प्रागमधील रेनाटा पेतेरकोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे सलग सेक्शनांवरून त्रिमितीय प्रतिकृती उभ्या करून हे दाखवले, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात सॉनिक हेजहॉग या संकेताची तीन केंद्रे वेगळी काढली. ई १२.५ चे केंद्र एका अवशेषी अंकुराचे, ई १३.५ चे त्यामागच्या दुसऱ्याचे, आणि ई १४.५ चे पहिल्या दाढेचे स्वतःचे. पहिला अवशेष विरून जातो, तर दुसरा दाढेच्या पुढच्या भागात विलीन होतो. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की ई १४.५ ला दाढेच्या पुढच्या टोकाला दिसणारी बड हे उशिराचे लक्षण असण्याऐवजी त्या अवशेषाचा उरलेला भाग असू शकतो. क्रमाने मागे जाऊन पाहिल्याशिवाय हे उलगडत नाही.

इथवरचे सांगणे एका वाक्यात बांधायचे तर तुमची मोजणी बहुधा ठीक आहे, गर्भांत थोडा खरा फरक असू शकतो, पण दोन 'बड' या सेक्शनच्या जागेमुळे, कोनामुळे किंवा अवशेषी अंकुरामुळे दिसल्या असण्याची शक्यता आधी तपासायला हवी.

पुढच्या गटांसाठी मी अशी पद्धत सुचवेन. गर्भ काढल्याबरोबर प्रत्येकाचे वजन करावे, पंजाचे आणि डोक्याचे छायाचित्र घ्यावे आणि थायलर यांच्या अवस्थांशी (उंदराच्या गर्भविकासाच्या प्रमाणित टप्प्यांशी) बाह्य लक्षणे पडताळून ती नोंदवावीत. पुढच्या पंजाची बोटे किती सुटी झाली, मिशांच्या केसमुळांच्या रांगा किती ठळक आहेत, पुढच्या दिवसांत पापण्या मिटल्या का, या खुणा डोळ्यांनी दिसतात आणि त्यांना खर्च काही नाही. प्रागच्या गटाने तर दिवसाच्या पोटात वजनाचे वर्ग पाडून दातांच्या अवस्था लावल्या, कारण त्यांच्या अनुभवात वजनाचा दाताशी मेळ तारखेपेक्षा चांगला बसला. जे गर्भ दिसायला मागे आहेत तेच दातांतही मागे आहेत असे निघाले, तर तुमचा प्रश्न तिथेच सुटला.

औषध दिलेल्या गटाचा अर्थ लावताना या नोंदींचे खरे मोल कळते. समजा त्या गटात ई १४.५ ला सर्व गर्भांत बड दिसली. याचा अर्थ औषधाने दात रोखला असाही होतो, औषधाने दाताचा विकास फक्त लांबवला असाही होतो, आणि औषधाने आईचे खाणे कमी होऊन संपूर्ण गर्भच मागे पडला असाही होतो. एकाच दिवसाच्या सेक्शनांवरून या तिघांत निवड करता येत नाही. एमएसएक्स-१ हे जनुक नसलेल्या उंदरांत दात बडपाशी थांबतात हे १९९४ मध्ये, आणि पॅक्स-९ नसलेल्यांतही तसेच होते हे १९९८ मध्ये दाखवले गेले. तिथे 'थांबतात' असे म्हणता येते, कारण पुढच्या दिवसांतही दात कॅपकडे सरकत नाहीत. म्हणून ई १४.५ सोबत ई १३.५ आणि ई १६.५ हे दोन दिवस तरी घ्यावेत. ई १६.५ ला औषधाच्या गटात बेल दिसली, तर तो केवळ विलंब होता. बाह्य लक्षणांनी गर्भ पुढे गेलेला असूनही दात बडपाशीच असेल, तर दाताला वेगळे काहीतरी झाले आहे. औषध कोणत्या दिवसापासून दिले यालाही महत्त्व आहे, कारण साधारण ई १२ पूर्वी दात घडवण्याची प्रेरणा एपिथेलियममध्ये असते आणि त्यानंतर ती मेझेनकाइमकडे जाते. मिना आणि कोलर यांच्या १९८७ मधील ऊतिसंयोगाच्या (वेगवेगळ्या ऊती जोडून वाढवण्याच्या) प्रयोगांनी हे स्पष्ट झाले आहे. ई १० ला दिलेली मात्रा आणि ई १३ ला दिलेली मात्रा एकाच ऊतीची परीक्षा घेत नाहीत. आणखी दोन दिवस वाढवायचे तर प्राण्यांची संख्या वाढते, त्यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडून सुधारित मंजुरी घ्यावी लागेल. तो अर्ज आताच करावा, प्रबंध सादर करण्याच्या तोंडावर नको. सांख्यिकीत एकक म्हणून आई धरावी. एका आईचे आठ गर्भ म्हणजे आठ स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत, आणि परीक्षक हे हमखास विचारतात.

आता मुळांविषयी. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात पहिल्या दाढेच्या मुकुटावर डेंटिन आणि एनॅमल थराथराने साचत असते. त्याच आठवड्यात मुकुटाचा आकार पूर्ण होत आल्यावर हर्टविगचे आवरण (मुळाला आकार देणारा एपिथेलियमचा थर) खाली वाढू लागते, आणि दुसऱ्या आठवड्यात मूळ लांबत जाते. कृंतक पी १० ते १२ च्या (पी म्हणजे जन्मानंतरचा दिवस) सुमारास, पहिली दाढ पंधरा-सोळाव्या दिवसाच्या आसपास, दुसरी त्यानंतर काही दिवसांनी आणि तिसरी चौथ्या-पाचव्या आठवड्यात हिरडीबाहेर येते. दूध तोडण्याच्या वेळी, म्हणजे पी २१ ला, पहिल्या दाढेची मुळे बरीचशी लांबलेली असतात. तेव्हा पी ७, पी १०, पी १४ आणि पी २१ हे चार दिवस मुळांसाठी पुरेसे आहेत. दोनच परवडत असतील तर पी १० आणि पी २१ घ्यावेत. कृंतकाकडे मात्र मुळांसाठी पाहू नये, तो आयुष्यभर वाढत राहतो आणि त्याला दाढेसारखे मूळ नसतेच. त्याचे मागचे टोक दाढांच्या खालून जाते, त्यामुळे दाढेच्या फ्रंटल सेक्शनमध्ये खाली जो दुसरा दात दिसतो तो कृंतकच असतो, याची नोंद ठेवावी.

जन्मानंतरही वयाची संदिग्धता आहेच. पिल्ले बहुधा रात्री जन्मतात, आणि काही जण जन्माचा दिवस पी ०, तर काही पी १ धरतात. वीण मोठी असेल तर पिल्ले लहान राहतात आणि दातही थोडे रेंगाळतात, म्हणून प्रत्येक आईकडे सुरुवातीलाच पिल्लांची संख्या सारखी करावी. डोळे साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, त्याची नोंद पी १४ च्या गटासाठी उपयोगी पडते.

शेवटचा मुद्दा डीकॅल्सिफिकेशनचा, म्हणजे कापण्याआधी हाड-दातांतले खनिज काढून टाकण्याचा. ई १४.५ च्या डोक्याला त्याची गरज नसते, पण पी ७ नंतरच्या जबड्याला १० ते १४ टक्के ईडीटीए (खनिज हळूहळू विरघळवणारे रसायन), सामू ७.२ ते ७.४, आणि पी २१ ला दोन-तीन आठवड्यांचा धीर लागतो. घाईने तीव्र आम्ल वापरले तर हर्टविगच्या आवरणाच्या पेशी ओळखू येत नाहीत. पी ७ पूर्वीचे कोवळे एनॅमल प्रथिनांनी भरलेले असल्याने सेक्शनवर गडद पट्ट्यासारखे दिसते, पण परिपक्व एनॅमल वजनाने ९५ टक्क्यांहून अधिक खनिजच असते आणि ईडीटीएमध्ये विरघळून जाते, म्हणून पी २१ च्या स्लाइडवर मुकुटाभोवती रिकामी जागा दिसली तर औषधाने एनॅमल घडलेच नाही असा निष्कर्ष काढू नये. एनॅमलविषयी काही म्हणायचे असेल, तर त्या गटातले काही जबडे ईडीटीएमध्ये टाकण्याआधी मायक्रो-सीटीसाठी (क्ष-किरणांच्या सूक्ष्म त्रिमितीय स्कॅनसाठी) पाठवावेत, कारण खनिज गेल्यावर तोच जबडा पुन्हा स्कॅन करून उपयोग नसतो.